भाचा पानठेल्यावर रमतो आहे. आत्याने मध्ये पडावे का?

(मुलाची ओळख पटू नये म्हणून पत्रातील काही तपशील बदलले आहेत.)

पत्र थोडक्यात असे: "मी दक्षिण नागपुरात राहते. माझा भाऊ ट्रकवर चालक आहे. महिन्यातले बरेच दिवस तो बाहेर असतो आणि घरी आला की दारूत असतो. वहिनी सकाळी दोन घरचा स्वयंपाक करते, लग्नसराईत कॅटरिंगच्या कामाला जाते आणि तेव्हा तिला घरी यायला रात्रीचे दहा वाजतात. भाचा अकरा वर्षांचा आहे, सहावीत शिकतो. चौथीपर्यंत बरा होता. दिवाळीनंतर तो आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळेत जातच नाही, असे वर्गशिक्षिकेकडून कळले. चौकातल्या पानठेल्यावर मोठ्या पोरांसोबत बसतो, त्यांना खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) आणून देतो आणि आता स्वतःही खातो, असे माझा मुलगा सांगतो. मागे शेजारच्या घरातून मोबाइल गेला, तेव्हा सगळ्यांनी याच्याकडेच बोट दाखवले. तो मोबाइल नंतर त्यांच्याच घरात सापडला. आमचे एक नातेवाईक पोलिसात आहेत. ते म्हणतात, एकदा ठाण्यात नेऊन दम देतो, सुतासारखा सरळ होईल. आई म्हणते, वसतिगृहात टाका. मी काही बोलले की वहिनी म्हणते, 'तुम्हाला माझ्या घरात दोषच दिसतात.' धाकटी भाची चार वर्षांची आहे, तिची मात्र काही काळजी नाही. मी मध्ये पडावे का? आणि माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला भाच्याबरोबर खेळू द्यावे का? आमचे हे नको म्हणतात." — एक आत्या, नागपूर

ताई,

मध्ये पडावे, आणि आत्ताच पडावे. बहुतेक पत्रे आमच्याकडे येतात ती मूल ठाण्यात बसलेले असताना, शाळेतून नाव कमी झाल्यावर किंवा घरातून पळून गेल्यावर. तुमच्या भाच्याने अजून असे काहीही केलेले नाही. तो शाळा चुकवतो, खर्रा खातो आणि वयाने मोठ्या मुलांची कामे करतो, एवढेच आज दिसते आहे. या टप्प्यावर जे काम तीन-चार माणसांच्या रोजच्या लक्षाने होऊ शकते, त्यासाठी पुढे समित्या, समुपदेशक आणि कचेऱ्या लागतात आणि तरी ते पुरे होत नाही.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट खर्रा नाही, ती मोबाइलची आहे. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारात आलेल्या ज्या पोराला या गल्लीने कौतुकाने बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, दिला, त्याच पोराला काही वर्षांत तीच गल्ली पुराव्याशिवाय चोर ठरवते, आणि वस्तू घरात सापडल्यावर त्याच्याकडे जाऊन कोणी चकार शब्द काढत नाही. मुलांच्या बाबतीत समाजाचा सहभाग हवा, असे आपण नेहमी बोलतो. पण तुमच्या भाच्याच्या आयुष्यात समाज आधीच सहभागी आहे. शेजाऱ्यांनी त्याला नाव दिले आहे आणि पानठेल्याने त्याला काम, सोबत आणि थोडा मान दिला आहे. आता प्रश्न इतकाच आहे की, त्याच्या रिकाम्या तासांत त्याच्याजवळ कोण असावे आणि त्याला कोणत्या नजरेने पाहिले जावे. म्हणून पहिले काम हे करा: ज्यांच्या घरचा मोबाइल होता, त्या घरातील मोठ्या माणसाने मुलाला समोर बसवून, "आमची चूक झाली, तुझ्यावर उगाच संशय घेतला," असे स्पष्ट शब्दांत सांगावे, यासाठी त्यांना गळ घाला. ते अवघडतील, टाळाटाळ करतील, "पोरापुढे कसली माफी" असेही म्हणतील. तरी मागे लागा. कारण ज्या मुलाला आपण चोरी केली नाही तरी चोरच ठरतो हे कळते, त्याला न करण्याचे एक मोठे कारण उरत नाही.

आता पानठेला. शाळा सुटल्यापासून आई घरी येईपर्यंतचे चार-पाच तास तुमच्या भाच्याकडे रिकामे आहेत, आणि चौकात ते तास भरून काढणारी एकच जागा उघडी आहे. तिथून त्याला नुसते ओढून आणले, तर तो दुसऱ्या चौकात जाईल. म्हणून दोन्ही बाजूंनी काम करावे लागेल. ठेलेवाल्याशी बोलायला तुम्ही एकट्या जाऊ नका आणि यजमानांनाही रागाच्या भरात पाठवू नका. वस्तीत ज्यांचा शब्द चालतो असे दोन-तीन ज्येष्ठ, शक्य असल्यास बचत गटाच्या एक-दोन बाया, अशांनी शांतपणे जावे. आधी माणुसकीने सांगावे: हे पोरगं अकराचं आहे, त्याच्या हाती पुडी देऊ नका, दुसऱ्यासाठी न्यायला आला तरी देऊ नका. बहुतेक ठेलेवाले वस्तीतलेच असतात आणि एवढ्यावर ऐकतात. न ऐकल्यास कायदा सांगावा. तंबाखू नियंत्रणाच्या 2003 च्या कायद्यानुसार 18 वर्षांखालील मुलांना तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत ते कोणालाच विकता येत नाहीत. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 77 नुसार तर मुलाला असा पदार्थ देणे हाच गुन्हा असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोठी पोरे त्याच्याकडून खर्र्याखेरीज आणखी काय इकडून तिकडे पोचवून घेतात, याची मात्र आडून चौकशी करा. गांजा किंवा तत्सम काही असेल, तर ती बाब ठेलेवाल्याशी बोलून मिटवण्याची राहत नाही.

खर्र्याबद्दल आपल्या विदर्भात फार सैलपणा आहे. बारशापासून तेराव्यापर्यंत तो फिरवला जातो, आणि मूल खाताना दिसले तर मोठी माणसे हसतात. त्यातला तंबाखू काढला तरी उरलेली सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, आणि सुपारीने गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे हळूहळू कमी होते. भाच्याला मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारालगतच्या शासकीय दंत महाविद्यालयात एकदा तपासून आणा. तिथे त्याला भाषण देऊ नका. डॉक्टर तोंड किती उघडते ते मोजतील आणि जे सांगायचे ते तेच सांगतील.

पोलिसात असलेल्या नातेवाइकांचा प्रस्ताव सद्भावनेतून आला आहे यात शंका नाही, पण तो नम्रपणे नाकारा. मुलांना तुरुंगाची भीती दाखवून सरळ करण्याचा प्रयोग अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील एका तुरुंगात 1970 च्या दशकात सुरू झाला आणि पुढे अनेक ठिकाणी उचलला गेला. मुलांना आत नेऊन कैद्यांकडून दरडावले जाई. नंतर जेव्हा चिठ्ठ्या टाकल्यासारखी मुले दोन गटांत विभागून काटेकोर तुलना करण्यात आली, तेव्हा तुरुंग पाहून आलेल्या मुलांकडून पुढे गुन्हे कमी नव्हे, तर जास्त घडल्याचे दिसले. तुमच्या भाच्यावर तर नुकताच खोटा आळ आला आहे. त्यानंतर त्याला ठाण्यात नेणे म्हणजे त्या आळावर शिक्का मारणे होईल. नातेवाइकांना मदतच करायची असेल, तर ती करता येईल. प्रत्येक पोलीस ठाण्यात मुलांच्या प्रकरणांसाठी एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. तुमच्या ठाण्यातील त्या अधिकाऱ्याची त्यांनी वस्तीतील ज्येष्ठांशी ओळख करून द्यावी आणि चौकात बसणाऱ्या मोठ्या मुलांकडे लक्ष ठेवायला सांगावे. दम द्यायचा तर तो अकरा वर्षांच्या मुलाला का द्यायचा?

वसतिगृहाबद्दल आईंना एवढे सांगा की, चांगली वसतिगृहे असतात आणि ज्याला घरच नाही त्याला ती आधार देतात. पण याला आई आहे, आत्या आहे, आजी आहे. बाल न्याय अधिनियमानेही कुटुंब हे पहिले स्थान आणि संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे. घरातल्यांना नकोसा झालो म्हणून पाठवले, असे या वयातील मूल मनाशी ठरवून टाकते आणि मग तिथून पळून येते.

शाळेचे कोडे आधी सोडवले पाहिजे. चौथीपर्यंत बरा असलेला मुलगा सहावीत अचानक शाळा टाळतो, तेव्हा त्याला आळशी म्हणण्यापूर्वी काही गोष्टी तपासायच्या असतात. त्याला सहावीचे पुस्तक वाचता येते का? कोणी ऐकत नसताना त्याच्याकडून एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या. पुष्कळ मुले चौथीपर्यंत पाठांतरावर आणि शेजारच्याच्या वहीवर निभावून नेतात, आणि विषय वाढले की उघडी पडतात. रोज वर्गात फजिती होण्यापेक्षा चौक बरा वाटतो. त्याला फळा नीट दिसतो का, ऐकू नीट येते का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शासकीय आणि महापालिकेच्या शाळांतील मुलांची आरोग्य तपासणी होत असते. याची झाली का, हे वर्गशिक्षिकेला विचारा. वर्गात कोणी त्याला वडिलांच्या दारूवरून चिडवते का, शाळेत मार बसतो का, हेही पाहा. शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. वर्गशिक्षिकेने आपण होऊन गैरहजेरी कळवली, ही तुमच्या पत्रातील सर्वांत आशादायक ओळ आहे. त्या बाईंशी एकच गोष्ट ठरवा: तो आला नाही, तर त्याच दिवशी पहिल्या तासानंतर तुम्हाला फोन. महिन्याच्या शेवटी कळलेल्या गैरहजेरीचा काही उपयोग नसतो.

आता वहिनी. हा तुमच्या प्रश्नातील सर्वांत नाजूक भाग आहे आणि बाकी सगळे यावर उभे आहे. तुम्ही नणंद आहात. नणंदेने मुलाबद्दल काढलेला प्रत्येक शब्द भावजयीला स्वतःवरचा ठपका वाटतो, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा तो असतोही. तुमच्या वहिनीचा दिवस डोळ्यांपुढे आणा: नवऱ्याचा पगार घरात किती पोचतो हे पत्रात नाही, पण ती सकाळी दोन स्वयंपाक आणि रात्री दहापर्यंत कॅटरिंग का करते, याचा अंदाज कोणालाही येईल. मुलाकडे तिचे लक्ष नाही असे नव्हे. तिच्याकडे ते तासच नाहीत. म्हणून तिच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नका, तास घेऊन जा. "आठवड्यातून तीन संध्याकाळी तो शाळेतून सरळ माझ्याकडे येईल, माझ्या पोराच्या अभ्यासाला सोबत होईल, जेवण करून घरी येईल," असे सांगा. हे आईंसमोर सांगू नका, आणि भाऊ घरी असताना तर मुळीच नको. ती एकटी असताना, शक्यतो तिला कामात हात लावता लावता सांगा. खर्रा आणि पानठेला हे विषय त्या दिवशी काढायचे नाहीत. तीन दिवस जमतील असे वाटत असेल तर तीनच सांगा. सातही दिवसांचा शब्द देऊन आठवड्याभरात मोडणारी आत्या त्या मुलाने पाहिलेल्या मोठ्या माणसांच्या यादीत आणखी एक नाव होईल.

उरलेल्या दिवसांसाठी वस्तीत काय आहे ते शोधा. नागपुरात अनेक बुद्धविहारांत आणि समाजभवनांत संध्याकाळी अभ्यासिका चालतात. गणेश मंडळाच्या पोरांपैकी एखादा शिकणारा मुलगा तिथे तासभर बसायला तयार होतो. मैदान असेल तर उत्तमच. हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडा शिक्षक असलेल्या विजय बारसे यांना झोपडपट्टीतील मुले पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली, आणि त्यातून 2001 मध्ये याच शहरात झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला; पुढे त्याची संस्था झाली, ही पुढची गोष्ट. आरंभी एक चेंडू होता आणि ठरलेल्या वेळी येणारा एक मोठा माणूस होता.

तुम्हाला स्वतःच्या भूमिकेबद्दल शंका वाटते, म्हणून एक अभ्यास सांगते. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या जवळपास 700 मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले दारिद्र्य, घरातील भांडणे, पालकांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणींत वाढत होती. या अडचणीतल्या मुलांपैकीही साधारण तिसरा हिस्सा सक्षम, काळजी घेणारी प्रौढ माणसे झाली, आणि त्यांच्यात एक गोष्ट वारंवार आढळली: आईवडिलांना जमले नाही तिथे आजी, मावशी, आत्या, शिक्षक, शेजारी असे निदान एक खात्रीचे मोठे माणूस त्यांच्या वाट्याला आले होते. भावाच्या संसारात आत्याचे काय काम, असे तुम्हाला कोणी म्हटले तर मनावर घेऊ नका.

भावाबद्दल थोडेच लिहिते, कारण मुलाची मदत त्याच्या सुधारण्यावर अडवून ठेवता येणार नाही. तो शुद्धीत असेल त्या दिवशी, तुम्ही किंवा त्याचा ज्याच्यावर विश्वास आहे असा एखादा ट्रकवाला मित्र, यांनी त्याला मेडिकलच्या मानसोपचार विभागात जाण्याविषयी बोलावे. 14416 या टेली-मानसच्या विनामूल्य क्रमांकावर घरच्यांनाही मार्गदर्शन मिळते. तो मारझोड करत असेल तर वेगळा विचार करावा लागेल. तुमचे पत्र त्याबद्दल गप्प आहे, म्हणून वहिनीला कधीतरी हळूच विचारा.

"धाकटीची काही काळजी नाही," हे वाक्य मात्र मी मान्य करत नाही. ती त्याच घरात राहते, तीच दारू पाहते, आणि आई रात्री दहाला येते तेव्हा तीही तिची वाट पाहत असते किंवा झोपलेली असते. ती गोड आहे, म्हणजे तिचा त्रास अजून कोणाला झालेला नाही, इतकेच. लवकर मदत करायची म्हणतात ती खरे तर चार वर्षांच्या वयात. अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलांटी गावी 1962 ते 1967 या काळात अत्यंत गरीब घरांतील तीन-चार वर्षांच्या 123 मुलांपैकी 58 जणांना चांगली बालवाडी देण्यात आली आणि बाकीच्यांना नाही. दोन्ही गट चाळिशीला पोचेपर्यंत त्यांचा पाठपुरावा झाला. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण बालवाडीत न गेलेल्यांत 55 टक्के होते, गेलेल्यांत 36 टक्के. त्या बालवाडीत खेळणी भारी होती म्हणून हे घडले नाही. शिक्षिका दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन दीड तास आईसोबत बसत असत, हा त्या कामाचा अविभाज्य भाग होता. आपल्याकडे 1975 पासून अंगणवाडी आहे आणि अंगणवाडी सेविकेला वस्तीतील प्रत्येक घर ठाऊक असते. भाची रोज अंगणवाडीत जाते का, तिचे वजन घेतले जाते का, ती मोकळी बोलते का, हे सेविकेकडून जाणून घ्या, आणि सेविकेने वहिनीला चार चांगले शब्द सांगावेत एवढी विनंती करा. मुलांबद्दल कौतुकाचा शब्द त्या माउलीने बऱ्याच दिवसांत ऐकला नसेल. तुमच्या त्या तीन संध्याकाळी भाचीलाही सोबत आणता आले तर आणा, आणि गोष्ट सांगा, भात वाढा, झोपवा. याहून मोठे काही करायचे नाही.

पैशाचा ताण हलका झाला तर वहिनीचे कॅटरिंगचे काही दिवस कमी होऊ शकतील. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलाला महिन्याला 2,250 रुपये आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतील प्रायोजकत्वात 4,000 रुपये मिळतात. या योजना मुख्यतः एक पालक गमावलेल्या किंवा पालक सांभाळण्यास असमर्थ असलेल्या मुलांसाठी आहेत. तुमचे प्रकरण बसते की नाही, हे बालकल्याण समिती ठरवते. अर्जाची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करा. कागदपत्रांसाठी वहिनीला कामाचे दिवस बुडवावे लागू नयेत, म्हणून पहिली फेरी तुम्हीच मारा.

1098 हा मुलांसाठीचा चोवीस तासांचा विनामूल्य क्रमांक घरात लिहून ठेवा. मारहाण, अमली पदार्थ पोचवायला लावणे, मोठ्या मुलांकडून लैंगिक त्रास होत असल्याचा संशय — मुलग्यांच्या बाबतीत ही शंका आपण घ्यायलाच विसरतो — यांपैकी काही दिसले, तर नातेवाइकांची बैठक भरवत बसू नका, त्या क्रमांकावर फोन करा. लैंगिक अत्याचार कळल्यावर तो न कळवणे हाच 2012 च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे.

राहिला तुमच्या मुलाचा प्रश्न. यजमानांची भीती पोकळ नाही. वाईट संगतीचा परिणाम होतो, हे खरेच आहे. पण कोणती संगत, कुठे आणि कोणाच्या नजरेखाली, यावर सगळे अवलंबून असते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज आणि सॉमरव्हिल येथे 1939 मध्ये 506 मुलांना घेऊन एक मोठा प्रयोग सुरू झाला. त्यांपैकी निम्म्यांना समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरे असे सर्व काही मिळाले. प्रयोग संपल्यावर तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी शोध घेतला, तेव्हा मदत मिळालेल्यांची स्थिती चांगली तर नव्हतीच, काही बाबतींत उलट वाईट होती. पुढील विश्लेषणात असे दिसले की, नुकसान प्रामुख्याने एकाहून अधिक वेळा शिबिरांना पाठवलेल्या मुलांचे झाले होते. बिघडू पाहणारी मुले एकत्र ठेवली की ती एकमेकांपुढे फुशारक्या मारतात आणि एकमेकांना शाबासकी देतात. चौकात तुमच्या भाच्याचे तेच चालले आहे. त्याला गरज आहे ती तुमच्या मुलासारख्या साध्या सोबत्याची, तुमच्या अंगणात, तुमच्या नजरेसमोर.

तेव्हा खेळू द्या, पण चौकात नाही. तुमच्या घरी किंवा मोठे माणूस हजर असलेल्या मैदानावर. यजमानांना परवानगी मागू नका, काम द्या: रविवारी सकाळी दोघांनाही मैदानावर न्यायचे. घरात नियम दोघांना सारखे ठेवा, मोबाइलची वेळही सारखी आणि ताट उचलून ठेवणेही सारखे, म्हणजे एकाला पाहुणा आणि दुसऱ्याला पहारेकरी झाल्यासारखे वाटणार नाही. आणि भाचा पुन्हा खर्रा खाताना दिसला तर तुमच्या मुलाने ते तुम्हाला सांगायचे, ही चुगली नव्हे, हे दोघांनाही एकाच वेळी, शेजारी शेजारी बसवून सांगा.